मृत व्यक्तीशी नातं: एक पर्याय निवडा

ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाची अर्जांची प्रणाली आमची टीम सांभाळते. परीक्षा पुढे ढकलणं, असाइनमेंटला मुदतवाढ, असली रटाळ कामं. त्यातल्या एका फॉर्मबद्दल तक्रार आली. घरात मृत्यू झाला असेल तर मृत व्यक्तीचं पूर्ण नाव लिहायचं आणि नातं निवडायचं: आई, वडील, भावंड, जोडीदार, मूल, आजी-आजोबा, इतर. ‘इतर’ निवडलं की अर्ज रांगेत पडतो आणि पुरावा मागतो.

तक्रार केली होती अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर विद्यार्थ्यांच्या सहाय्य केंद्रानं, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. केंद्रातल्या बाईंनी मीटिंगमध्ये शांतपणे समजावलं. अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आईची बहीण ही आईच, वडिलांचा भाऊ हे वडीलच. माणूस गेलं की पुढच्या विधींना आणि दुखवट्याला ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. तो दोन दिवसांत उरकत नाही आणि जावं तर लागतंच. ब्रूमहून पर्थला शिकायला आलेल्या मुलाचं घर दोन हजार किलोमीटरहून लांब असतं. शिवाय बऱ्याच समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये नेमका तोच रकाना सक्तीचा.

‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला यातलं निम्मं लगेच कळतं. मावशी, आत्या, काकू, मामी यांना एका ‘आंटी’त कोंबताना आपलीही जीभ अडखळते. पण ‘आमच्याकडेही असंच असतं’ हे वाक्य मी गिळलं. कारण तिथल्या सरकारनं साधारण 1910 ते 1970 या काळात अ‍ॅबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेली. अशा घरांत ‘नातं कागदावर सिद्ध करा’ हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं.

मुदतवाढ मिळाली नाही तर काय बिघडतं? मानसशास्त्रात बरंच बिघडतं. तिथे मानसशास्त्रज्ञ व्हायला किमान सहा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर चौथं, ऑनर्सचं वर्ष, आणि त्याच्या जागा मोजक्या. प्रवेश गुणांवर. म्हणजे तिसऱ्या वर्षी मावशीच्या मातीला गेलेली मुलगी गुण गमावते आणि पुढचा रस्ताच बंद होतो. देशाच्या लोकसंख्येत या समाजांचा वाटा 3 टक्क्यांहून जास्त आहे. मानसशास्त्रज्ञांमध्ये 1 टक्क्याहूनही कमी.

आणि जे टिकतात त्यांना शिकायचं काय? मी इंजिनिअरिंग केलं. फ्लुइड मेकॅनिक्सनं मला छळलं, पण माझ्या आजोबांना मठ्ठ ठरवलं नाही. मानसशास्त्रानं ते केलं. स्टॅन्ली पोर्टियस हा मानसशास्त्रज्ञ 1929 मध्ये आपल्या भुलभुलैयाच्या चाचण्या घेऊन अ‍ॅबोरिजिनल लोकांची बुद्धी मोजायला गेला आणि 1931 मध्ये त्यानं त्यांना ‘आदिम’ म्हणणारं पुस्तक काढलं. सप्टेंबर 2016 मध्ये ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटीनं रीतसर माफी मागितली: चुकीच्या चाचण्यांबद्दल, संशोधकांच्याच फायद्याच्या संशोधनाबद्दल, मुलं हिरावली जात असताना गप्प राहिल्याबद्दल.

ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या अ‍ॅबोरिजिनल मानसशास्त्रज्ञ मानल्या जाणाऱ्या पॅट डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी मांडणी उभी केली. तिच्यात माणसाचं स्वास्थ्य फक्त मनात नसतं. शरीर, कुटुंब, समाज, संस्कृती, भूमी, पूर्वज या सगळ्यांशी असलेल्या नात्यांत असतं. ही मांडणी पाहुण्या वक्त्याच्या एका तासात उरकायची की पहिल्या वर्षापासून शिकवायची, हा खरा प्रश्न. वर्गात एकुलत्या एका अ‍ॅबोरिजिनल मुलीकडे वळून ‘तू सांग ना’ म्हणणं हा आधार नव्हे; ती फुकटची शिकवणी झाली.

आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरनं यादीत ‘सांस्कृतिक नातेवाईक’ हा आठवा पर्याय सुचवला. बाई म्हणाल्या, “यादीच नको. केंद्रानं सांगितलं की पुरे.” मग ठरलेली शंका आली: लोक गैरफायदा घेतील. सात पर्यायांच्या यादीचा गैरफायदा घेता येत नाही, असं मानायला मात्र सगळे तयार होते.

दोन रकाने काढायला मला अर्धा तास लागला. मंजुरीला पाच महिने. तक्रार आली तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या तिघांचे अर्ज ‘इतर’च्या रांगेत होते. ऑनर्सची प्रवेशयादी मंजुरीच्या आधीच लागली.