चांग गेटावर मागितलेला हिशेब

अहमदाबादहून अजमेरकडे जाणारी गाडी मारवाड मागे टाकते, तेव्हा खिडकीबाहेर अरवलीच्या बुटक्या, उघड्या टेकड्या दिसू लागतात. बाभळी, थोर, मधूनच एखादी शेळ्यांची खांड आणि डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या लाल-पिवळ्या ओढण्यांतल्या बायका. अशात ब्यावर स्टेशन येते. पुष्कर आणि अजमेरच्या दर्ग्याला निघालेले बहुतेक प्रवासी येथे उतरत नाहीत. अजमेर येथून जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे. उतरलाच कोणी, तर इथली प्रसिद्ध तीळपट्टी घेऊन पुढच्या गाडीने निघतो. तीळपट्टी खरोखरच छान असते. पातळ, कुरकुरीत, जिभेवर ठेवताच विरघळणारी. पण या गावाने देशाला दिलेली खरी भेट वेगळीच आहे.

ब्यावर हे तसे इंग्रजांच्या काळात वसलेले गाव. कर्नल डिक्सनने ते लष्करी छावणीच्या शेजारी १८३० च्या दशकात आखून वसवले. सरळ रस्ते, भोवती तट आणि चार दिशांना चार दरवाजे. लोकर आणि कापसाचा मोठा बाजार येथे भरू लागला. पुढे कापड गिरण्या निघाल्या. गिरण्यांबरोबर कामगार आले, कामगारांबरोबर संघटना आल्या. गावाच्या चार दरवाजांपैकी एक म्हणजे चांग गेट. आजूबाजूला दुकाने, हातगाड्या, रिक्षा आणि माणसांची अखंड वर्दळ. याच जागी ६ एप्रिल १९९६ रोजी काही शे खेडुतांनी सतरंज्या अंथरल्या आणि ठाण मांडले. त्यांची मागणी ऐकून गावातले अनेकजण प्रथम बुचकळ्यात पडले. हे लोक पाणी मागत नव्हते, धान्य मागत नव्हते. ते कागदांच्या नकला मागत होते!

या मागणीचे मूळ शोधायचे तर ब्यावरहून दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवरच्या भीमची बस पकडावी लागते. वाटेत जवाजा लागते. अहमदाबादच्या आय.आय.एम.चे माजी संचालक रवि मथाई यांनी १९७० च्या दशकात इथल्या विणकर आणि चर्मकारांना बरोबर घेऊन एक गाजलेला प्रयोग केला होता. रस्ता जसजसा पुढे जातो, तसतशी शेते लहान आणि दगड मोठे होत जातात. मारवाड आणि मेवाड यांच्या सीमेवरचा हा मगरा भाग. पाऊस बेभरवशाचा, जमीन थोडी. मक्याची भाकरी आणि ताकात शिजवलेली राब हे इथले अन्न. दुष्काळ पडला की पुरुष कामाच्या शोधात गुजरातकडे, मुंबईकडे जातात. मागे राहिलेल्या बायका-माणसांना आधार असतो तो सरकारी कामांचा. तळे खोदणे, रस्त्यावर खडी फोडणे, बांध घालणे.

भीमजवळच देवडूंगरी नावाचे छोटे खेडे आहे. १९८७ मध्ये तेथल्या एका मातीच्या झोपडीत अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकरसिंग व त्यांचे कुटुंब राहायला आले. अरुणाबाई भारतीय प्रशासन सेवेतल्या. ती नोकरी १९७० च्या दशकातच सोडून त्या खेड्यांत काम करू लागल्या होत्या. निखिल परदेशात शिकून आलेले तरुण. शंकरसिंग तर याच मातीतले. कठपुतळी हातात घेतली की सारे गाव हसवणारे, आणि हसता हसता विचार करायला लावणारे. शेजाऱ्यांसारखेच खायचे, शेजाऱ्यांसारखेच राहायचे, आणि बाहेरच्या संस्थांचा पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

लोकांशी बोलताना एक तक्रार पुन्हा पुन्हा कानी येई. सरकारी कामावर दिवसभर राबूनही पुरती मजुरी हाती पडत नाही. विचारायला जावे तर उत्तर ठरलेले, ‘तुम्ही कामच कमी केले. मोजमाप-वहीत तसे लिहिले आहे.’ मग ती वही दाखवा! नाही, ते सरकारी कागद आहेत, गुप्त आहेत. १९२३ चा गुप्ततेचा कायदा इंग्रज मागे ठेवून गेले होते, तो असा मजुराच्या घामाच्या आड आला. १ मे १९९० रोजी भीममध्ये मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. मजुरीसाठी उपोषणे झाली. त्यातून एक गोष्ट लोकांनीच हेरली. जोवर कागद बाहेर येत नाही, तोवर आपण खोटेच ठरणार.

महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांमुळे ‘मस्टर’ हा शब्द खेडोपाडी ठाऊक आहे. याच मस्टरांनी राजस्थानात इतिहास घडवला. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई भरली. मिळवलेली कागदपत्रे चार माणसांसमोर मोठ्याने वाचायची, आणि ज्यांची नावे त्यात असतील त्यांनी उठून खरे काय ते सांगायचे, एवढीच तिची रीत. नावे वाचली जाऊ लागली आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. जी माणसे कामावर कधी गेलीच नाहीत त्यांच्या नावे मजुरी उचललेली. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतीला प्रत्यक्षात छप्परच नाही. ज्यांनी कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते अशा बायका घुंगट सावरीत ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिल्या. भीम, विजयपुरा, जवाजा, थाना अशा सुनवाया होत गेल्या. पुढे काही सरपंचांनी गावासमोर पैसे परत केले.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी गावातल्या कामांच्या खर्चाची कागदपत्रे लोकांना देण्याची घोषणा केली. वर्ष उलटले, पण नकला काही मिळेनात. म्हणून चांग गेटावरचे ते धरणे.

दिवस लोकसभा निवडणुकीचे होते, ऊन मी म्हणत होते. खेड्याखेड्यांतून धरण्यासाठी धान्य येई. आणि ब्यावर? प्रथम लांबून पाहणाऱ्या या गावाने हळूहळू धरणे आपले मानले. भाजीवाल्यांनी भाजी दिली, कोणी दूध दिले. आंबेडकर जयंती तेथेच साजरी झाली. १ मे रोजी गिरणीगावातल्या कामगार संघटनाही सामील झाल्या. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा बाजारात घुमली. त्या काळात चळवळीतल्या एका अल्पशिक्षित बाईने दिल्लीच्या पत्रकारांना जे सांगितले ते कोणत्याही गृहिणीला पटावे. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवले तर परतल्यावर आपण हिशेब विचारतो. सरकार आमच्या नावे कोट्यवधी खर्च करते, मग त्याला का विचारू नये?

४० दिवसांनी समितीचे आश्वासन घेऊन लोक उठले. पुढच्या वर्षी जयपूरला ५३ दिवसांचे धरणे झाले. त्याच्या शेवटी कळले की नकला देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापला गेला होता. माहितीच्या हक्काचीच माहिती गुप्त राहिली होती!

ब्यावरची ठिणगी दूरवर गेली. प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी माणसाच्या पुढाकाराने १९९६ मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला. गोव्याने १९९७ मध्ये, राजस्थानने २००० मध्ये कायदा केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रातही तो आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. साधा अर्ज, १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर.

मात्र या वाटेवर काटेही आहेत. माहिती मागणाऱ्या काहींना प्राण गमवावे लागले. जानेवारी २०१० मध्ये पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांची हत्या झाली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील एक कलम बदलले. आता ‘वैयक्तिक’ म्हणून बरीच माहिती नाकारली जाईल, अशी कार्यकर्त्यांना धास्ती आहे. कोटकिरान्याची आठवण ठेवली तर ती का वाटते, ते कळते. मस्टर म्हणजे नावांचीच यादी. नावेच झाकली, तर उठून ‘मी त्या दिवशी कामावर नव्हतो’ असे कोण सांगणार?

ब्यावर २०२३ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. तेथे जायचे तर थंडीचे दिवस उत्तम, तेव्हा तीळपट्टीही ताजी मिळते. पुष्करला निघालेल्या कुटुंबाने अर्धा दिवस काढून चांग गेटापाशी थोडे थांबावे. तेथे पाहण्यासारखा राजवाडा नाही की तलाव नाही. पण रेशनचे दुकान, गावचा रस्ता, शाळेची इमारत यांचा खर्च विचारण्याचा जो हक्क आज आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे, तो मागायला खडी फोडणारी माणसे याच धुळीत ४० दिवस बसली होती. मुलांना एवढे सांगितले, तरी प्रवास सार्थकी लागेल.