नानकटाईचा डबा आणि त्यावरचं नाव

एप्रिल जवळ आला की आपल्याकडे दोन चर्चा ठरलेल्या असतात. मिरवणुकीत डीजे असावा की नसावा, आणि वर्गणीचा हिशोब कुणी ठेवायचा. तिसरी एक चर्चा कधीच होत नाही. जयंतीच्या दिवशी आपल्या घरात काय शिजतं, ते कोण शिजवतं आणि ते कुणाच्या घरात जातं? मागच्या महिन्यात एका अभ्यासवर्गात मी हा विषय काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, आरक्षण चाललंय, खासगीकरण चाललंय आणि तुम्ही नानकटाईवर काय बोलताय?" त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा लेख.

सुरुवात माझ्या आईपासून करतो.

1991 हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मी चौथीत होतो. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. वडिलांना सरकारी नोकरी लागून काही वर्षं झाली होती आणि आम्ही भीमनगरातून क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. आमच्या घरात दिवाळी करत नसत. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, त्यामुळे तो विषय आमच्या घरात कधीच संपला होता. पण पोरांच्या जिभेला प्रतिज्ञा कळत नाहीत. दिवाळीच्या आधी आठ दिवस अख्ख्या क्वार्टरमध्ये चकलीचा, शंकरपाळ्यांचा वास सुटायचा आणि आम्ही भावंडं खिडकीत बसून असायचो. शेजारच्या काकू ताटभर फराळ पाठवायच्या, वरून रुमाल घातलेला. आम्ही तो खायचो. आई ताट घासून परत करायची. रिकामं ताट परत करू नये अशी आपल्याकडे रीत आहे, म्हणून ती त्यात साखर घालायची. साखर कारखान्याची असते. ती चालायची.

आईने त्या वर्षी ठरवलं की जयंतीला आपण नानकटाई करायची. तिचं म्हणणं साधं होतं. "त्यांचा सण सोडला म्हणून पोरांनी तोंड बघत बसायचं का? आपला सण आहे ना, मग आपला डबा पण पाहिजे."

पश्चिम महाराष्ट्रात ज्यांचं बालपण गेलं त्यांना बेकरीत बिस्किटं भाजून आणायची पद्धत माहीत आहे. घरून सामान न्यायचं. बेकरीवाला मजुरी किलोवर घेतो, पत्रे आणि भट्टी त्याची, मेहनत निम्मी आपली. आईने घेतलेलं माप मला अजून पाठ आहे: मैदा एक किलो, पिठीसाखर अर्धा किलो, डालडा पाऊण किलो, मूठभर रवा, मूठभर बेसन, चिमूटभर खायचा सोडा आणि कुटलेली वेलची. परातीत डालडा आणि साखर हाताने फेटत बसायचं, पांढरंशुभ्र हलकं होईपर्यंत. झालं की नाही हे बघायला वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेटायचं. मग मैदा. मळायचं नाही, फक्त एकत्र करायचं. छोटे गोळे, मध्ये अंगठ्याचा दाब, आणि पत्र्यावर अंतर सोडून मांडायचे, कारण भट्टीत ते पसरतात.

बेकरीत तोबा गर्दी. परीक्षा संपत आलेल्या, सुट्टीची बिस्किटं करायला सगळ्या गल्लीबोळातल्या बाया आलेल्या. पोत्यावर बसून गोळे करणं चाललेलं. बेकरी मुसलमान कुटुंबाची होती. प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी, म्हणजे अदलाबदल नको. भट्टीत मात्र सगळ्यांचे पत्रे एकाच वेळी जात. मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा, आमचा. आत एकच आग. माझ्या आईला त्या दिवशी कुणी "जरा लांब बस" म्हणालं नाही, हे तिने घरी आल्यावर दोनदा सांगितलं. तेव्हा मला कळलं नाही की यात सांगण्यासारखं काय आहे.

जयंतीच्या सकाळी आईने स्टीलच्या डब्यात पंधरा-वीस नानकटाया घालून मला शेजारी पाठवलं. तो डबा तिच्या लग्नातला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसं त्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव मशीनने कोरलेलं. काकूंनी डबा बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, आज आमच्यात उपास आहे, आईला सांग." उपास असेल. पण नानकटाई आठवडाभर टिकते, हे काकूंनाही माहीत होतं. मी डबा घेऊन परत आलो. आई काहीच बोलली नाही.

त्या दिवाळीत फराळाचं ताट आलं, नेहमीसारखं. पुढच्या जयंतीला आईने वेगळंच केलं. बेकरीतून पुठ्ठ्याचा रिकामा खोका मागून आणला, वर बेकरीचं नाव छापलेलं. त्यात आपली नानकटाई भरली, सुतळी बांधली आणि मला पाठवलं. काकूंनी घेतली. संध्याकाळी कंपाउंडपाशी त्या आईला म्हणाल्या, "अहो, नानकटाई काय मस्त होती! कुठल्या बेकरीतनं आणलीत?" आईने बेकरीचं नाव सांगितलं. खोटं नव्हतंच ते. मी मध्येच "आईनं केलीय!" म्हणणार होतो, तेवढ्यात तिने माझा दंड असा काही दाबला की मी गप्प बसलो.

मित्रांनो, पीठ तेच, हात तेच, भट्टी तीच. फक्त डब्यावरचं नाव बदललं. विटाळ हा अन्नाच्या चवीत, स्वच्छतेत, शाकाहारात कुठेच नसतो, तो नावात असतो, हे मला पुस्तकाआधी त्या खोक्याने शिकवलं.

पुढे पुस्तकं वाचली तेव्हा हाच खोका जागोजागी भेटला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. तिथे चहा आणि बिस्किटं दिली गेली. कुणी खाल्ली, कुणी फक्त हात लावला. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गहजब झाला. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं. एका बिस्किटासाठी! त्यांच्यावर ती वेळ यावी याचा आपल्याला आनंद नाही. पण ज्या व्यवस्थेने आपल्याच लाडक्या पुढाऱ्यांना चहा-बिस्किटासाठी सोडलं नाही, ती माझ्या आईचा डबा कशी सोडेल?

'जातिप्रथेचे विध्वंसन' या 1936 सालच्या भाषणात, जे बाबासाहेबांना लाहोरला करूच दिलं गेलं नाही, त्यांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची हकिगत दिली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिलं आणि त्यात तुपाचे पदार्थ ठेवले. पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. गुन्हा काय? तूप. पैसा स्वतःचा, पाहुणे स्वतःचे, ताट स्वतःचं. तरी तूप खायचं नाही, कारण तूप ही त्यांच्या प्रतिष्ठेची खूण. महाडलाही मार्च 1927 मध्ये तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, मंडपातलं अन्न मातीत मिसळलं गेलं. नंतर तळं 'शुद्ध' करायला 108 घागरी पंचगव्य ओतलं. आपल्या ताटावर हात टाकणं हा हल्ल्याचा भाग राहिला आहे. तेव्हा "नानकटाईवर काय बोलताय" म्हणणाऱ्या माझ्या मित्राला माझं उत्तर असं: ज्यांनी लाठ्या उचलल्या त्यांना ताटाचं राजकारण आपल्याआधी कळलेलं होतं.

आता दुसरी बाजू. आजकाल आपल्या 'साध्या' जेवणाचं कौतुक फार वाढलंय. हुलग्याचं माडगं, कण्या, पाथरीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. हॉटेलात त्याला 'गावरान थाळी' म्हणतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. तिच्या लहानपणी घरात येसकर पाळीची भाकरी यायची. दारोदार फिरून मागितलेली, दहा घरची, शिळी. बाबासाहेबांनी महाडला सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, स्वाभिमानाने कमवून खा. आजीच्या पिढीने ते मनावर घेतलं. स्वतः मजुरी करून आणलेल्या ज्वारीची पहिली भाकरी तिने स्वतःच्या तव्यावर टाकली, तेव्हा ती 'साधी' नव्हती. ती लढून मिळवलेली होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. ते पुस्तक घरात 'रुचिरा'च्या शेजारी ठेवा. एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय कधीच आलं नाही, हे पोरांना आपोआप कळेल.

पण नोंद करणं वेगळं आणि तिथेच थांबणं वेगळं. चान्या खाल्ल्या म्हणजेच मी खरा आंबेडकरी आणि नानकटाई केली म्हणजे सवर्णांची नक्कल केली, असं मानणारेही आपल्यात आहेत. हा विचार मला पटत नाही. अभावातून आलेलं तेवढंच आपलं आणि डालडा, मैदा, वेलची मात्र त्यांची, ही वाटणी कुणी केली? ती चकवाऱ्याच्या लाठीवाल्यांनी केली. ती आपण का पाळायची?

काही जण म्हणतील, शेजाऱ्याने आपली नानकटाई खाल्ली म्हणून जात जाते का? नाही जात. बाबासाहेबांनी त्याच भाषणात लिहिलंय की सहभोजनाने जातीची जाणीव मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहून मुळाशी शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास मोडणं. मला ते शंभर टक्के मान्य आहे. काकूंनी नानकटाई खाऊन आमच्यावर उपकार केले नसते. माझा प्रश्न काकूंचा नाहीच. माझा प्रश्न त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा आहे. आपण किती जण अजून खोक्यात भरून जगतोय? भाड्याने घर घेताना आडनाव गिळतो. ऑफिसच्या डब्यात काय आहे विचारलं की "बटाट्याची भाजी" म्हणतो. पोरांना सांगतो, जयंतीची सुट्टी कशाला होती विचारलं तर नुसतं "सुट्टी होती" म्हण.

आईने खोका तीन वर्षं वापरला. चौथ्या वर्षी वापरला नाही. का, ते तिने कधी नीट सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, "माझ्या हाताची चीज बेकरीवाल्याच्या नावावर किती दिवस घालू?" त्या जयंतीला तिने पुन्हा तोच स्टीलचा डबा काढला, नाव कोरलेला, आणि मला म्हणाली, "जयभीम म्हणून दे. घेतली तर घेतली." काकूंनी डबा घेतला, आत नेला आणि घासून, साखर घालून परत केला. नानकटाई खाल्ली की मोलकरणीला दिली, मला माहीत नाही. दोन घरांनी घेतलीच नाही. पण एका घरातली माझ्याच वर्गातली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणाली, "तुझ्या आईला सांग, अजून आहे का?" आईला हे सांगितलं तेव्हा तिने त्या मुलीसाठी वेगळा पुडा बांधला. पुढच्या दिवाळीचं फराळाचं ताट मात्र काकूंकडून आलं नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही.

आता आमच्या घरात आणखी एक पद्धत पडली आहे. 25 डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, माझी मुलगी रव्याचा केक करते. ओव्हन नाही. जुन्या कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रिंग काढून, आत डबा ठेवून मंद गॅसवर. शेजारी विचारतात, तुम्ही नाताळ करता का? ती सांगते, 1927 साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली. केकपेक्षा तिला हे सांगायला जास्त आवडतं. आणि तो दिवस स्त्रीमुक्तीचा म्हणून आपण पाळतो, त्यामुळे त्या दिवशी वाळू चाळणं, रवा भाजणं आणि भांडी घासणं हे माझ्याकडे आणि मुलाकडे असतं.

इथे आपल्या पुरुष कार्यकर्त्यांना एक सांगायचंय. जयंतीला आपण दिवसभर मिरवणुकीत नाचतो, आणि घरातली बाई पहाटेपासून पुऱ्या तळत असते, संध्याकाळी पुतळ्यापाशी यायलाही तिला वेळ मिळत नाही. आईची नानकटाई मी एवढी गोड करून सांगितली, पण तेव्हा परात फेटायला वडील एकदाही बसले नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. मनुस्मृती महाडला जाळली. ती आपल्या ओट्यापाशी अजून जिवंत असेल तर त्याची जबाबदारी आपली.

म्हणून या जयंतीला तीन गोष्टी करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून एक पदार्थ मापासकट लिहून घ्या, ती पाळीची भाकरी आठवत असेल तर तेही लिहा. परात स्वतः फेटा, बेकरीच्या रांगेत स्वतः उभे राहा. आणि शेजारी डबा पाठवाल तेव्हा खोक्यात नको, नाव असलेल्या डब्यात पाठवा. परत आला तर परत आला. नानकटाई आठवडाभर टिकते, आपल्या घरात खाणारी तोंडं आहेत.

आईचा तो स्टीलचा डबा आता माझ्याकडे आहे. त्यावरची अक्षरं घासून घासून पुसट झाली आहेत. मागच्या वर्षी मी तो बाजारात नेला आणि भांडीवाल्याकडून पुन्हा नाव घालून आणलं. या वेळी आईचं.

जयभीम!