सोळा तिकिटांचं देणं

५ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने राष्ट्रीय सागरी अभयारण्यांवर सोळा तिकिटांची एक शीट काढली. अभयारण्यांच्या कायद्याला त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती. प्रकाशनाचा मान मिळाला कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला. लग्न होऊन मालवण सोडलं तेव्हापासून माझा संसार याच गावात आहे. ती शीट मला आमच्या शेजारच्या आजींनी आणून दिली. त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. त्यांच्या माघारी का होईना, ते बोलून दाखवावं म्हणून हे लिहिते आहे.

आजी अमेरिकन. माझ्या लेकीने बोलायला लागल्यावर त्यांना आजी म्हटलं आणि मग त्या आमच्या सगळ्या घराच्याच आजी झाल्या.

इथले सुरुवातीचे दिवस मला फार जड गेले. फोनवर माझा आवाज भरून आला की आई म्हणायची, "थंय दर्या आसा मां? मगे तू येकटी कशी?" दर्या होता, पण ओळखीचा नव्हता. भर उन्हाळ्यातही पाणी गार, पहाटे धुकं. रापण नाही, मासळीच्या लिलावाचा गलका नाही. आजींनी माझं हे घुसमटणं ओळखलं. एका सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "जाड स्वेटर घाल. आज आपण बोटीवर जायचंय."

सांता बार्बरासमोर चॅनेल आयलंड्स नावाची बेटं आहेत. त्यांतल्या पाच बेटांभोवतीचं पाणी १९८० साली राष्ट्रीय सागरी अभयारण्य झालं. देवमासे दाखवायला निघणाऱ्या बोटींवर आजी स्वयंसेवक म्हणून जात. लोकांना माहिती सांगत आणि दिसलेल्या प्रत्येक देवमाशाची वेळ आणि जागा नोंदवून ठेवत. त्या दिवशी मला निळा देवमासा दिसला. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी माझ्यासमोर श्वास सोडत होता आणि मी मोठ्याने रडत होते. आजींनी एका हाताने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने नोंद केली. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांची मालवाहू जहाजं किनारा आणि बेटं यांच्यामधल्या याच पाण्यातून जातात, त्यांची धडक बसून देवमासे मरतात. म्हणून जहाजांचे मार्ग सरकवले गेले आणि देवमाशांच्या हंगामात वेग दहा नॉटपर्यंत ठेवण्याची विनंती जहाजांना केली जाते. देवमासे कुठे वावरतात हे कळायला अशा नोंदी लागतात. मी बघत बसले होते, आजी काम करत होत्या. समुद्रावर प्रेम करणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजायला लागलं.

त्यांच्या या कामाची सुरुवात १९६९ सालची. त्या तेव्हा कॉलेजात होत्या. २८ जानेवारीला किनाऱ्यापासून सहा मैलांवरच्या एका तेलविहिरीत स्फोट झाला. विहिरीला ठरावीक खोलीपर्यंत पोलादी अस्तर घालायचा नियम होता, त्यातून तेल कंपनीने सूट मागून घेतलेली होती. वरून तोंड बंद केलं तर खाली समुद्राचा तळच फाटला आणि तेल वर येत राहिलं. पहिल्या दहा-अकरा दिवसांत अंदाजे तीस लाख गॅलन तेल पाण्यात गेलं. गावातले लोक किनाऱ्यावर गवताचा पेंढा पसरत, तेल शोषलेला पेंढा उचलून पुन्हा नवा पसरत. तेलाने माखलेले पक्षी धुवायला हात कमी पडत. आजी सांगायच्या, "लाटांचा आवाज थांबला होता. तेलाने पाणी इतकं जड झालं होतं की लाट फुटतच नव्हती. वाचवलेल्या पक्ष्यांपेक्षा मेलेले पक्षीच मी जास्त उचलले."

त्या किनाऱ्याची चित्रं टीव्हीवरून घराघरांत गेली आणि देश हलला. पुढच्या वर्षी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, १९७२च्या ऑक्टोबरमध्ये सागरी अभयारण्यांचा कायदा आला. त्या कायद्याखाली १९७५ साली पहिलं अभयारण्य झालं ते नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'मॉनिटर' या यादवी युद्धातल्या लढाऊ जहाजाभोवती. तिकिटं सांता बार्बरात प्रकाशित होणं आजींना म्हणूनच फार मोलाचं वाटलं. तेलाने काळा झालेला तो किनारा त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसला होता.

माणसाने बिघडवलेलं माणसाला सावरताही येतं, यावर त्यांचा विश्वास होता आणि त्याला आधार होता. चॅनेल आयलंड्सपैकी अनाकापा हे त्यांचं लाडकं बेट. १९७० साली तिथल्या तपकिरी पेलिकनांच्या शेकडो घरट्यांतून एकच पिल्लू जगलं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ती फुटत. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, पेलिकन हळूहळू वाढले आणि २००९ साली त्यांचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून निघालं. बोटीवरून पेलिकनांची रांग दिसली की आजी माझ्या लेकीला सांगत, "हे सगळे परत आलेले आहेत बरं का."

मच्छीमारांबद्दलही आजी आदराने बोलत. मासेमारी पूर्ण बंद असलेले राखीव पट्टे २००३ साली इथे आले, त्याआधी काही वर्षं मच्छीमार आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसून भांडले. एकमत झालं नाही, तरी बसले. "ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला बाहेर ठेवून पाणी राखता येत नाही," असं त्या मला बजावत. माझं माहेर मासळीच्या गावातलं, हे त्यांच्या लक्षात असे.

शीट हातात देताना त्यांनी एक अट घातली: सगळी तिकिटं जपून ठेवायची नाहीत, काही पत्रांना लावायची. तेव्हा एका तिकिटाची किंमत साठ सेंट होती, आणि दर कितीही वाढले तरी ही तिकिटं चालतात. मी तीन तिकिटं लावून आईला पत्र पाठवलं. पाणमांजरांचं तिकीट त्यात होतं. बऱ्याच वर्षांनी मी हाताने पत्र लिहिलं आणि आजींबद्दल आईला सविस्तर सांगितलं. आईने ते शेजारीपाजारी वाचून दाखवलं. दोघी कधी भेटल्या नाहीत, पण नंतर प्रत्येक फोनवर आईचा पहिला प्रश्न असे, "तुझी आजी बरी आसा मां?"

आजी गेल्या. त्यांनी कधी माझ्याकडून काही घेतलं नाही. मी केलेल्या सोलकढीचं कौतुक केलं, तेवढंच. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही, ते पुढे द्यायचं आहे. म्हणून मी स्वयंसेवकांचं प्रशिक्षण घेतलं आणि आता त्या बोटींवर जाते, माहिती सांगते, नोंदी ठेवते. बोटीवर कुणी घर सोडून आलेली नवी मुलगी दिसली तर आधी तिच्याशी बोलते.

माझ्या मालवणच्या माणसांना एक सांगायचं आहे. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणीही अभयारण्य आहे. १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यात प्रवाळ आहेत. मच्छीमारांच्या मनात त्याबद्दल शंका आहेत आणि त्या मोकळेपणाने ऐकल्या गेल्या पाहिजेत. पण पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला प्रवाळावर पाय ठेवू नको असं सांगायला, किनाऱ्यावर काय वाहून आलं ते लिहून ठेवायला, शाळेतल्या मुलांना होडीतून नेऊन दर्या दाखवायला कुणाच्या हुकमाची गरज नाही. आपल्या आळीतल्या एका तरी मुलाला हे शिकवा. आजींनी मला शिकवलं, तसं.