भट्टी विझली, नाव सापडले

श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावे विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. त्यापलीकडचे नाव विसरायला शास्त्रानेच मुभा दिली आहे म्हणा ना! आमच्या घरातही पणजोबांच्या वर कोणाला काही सांगता येत नव्हते. आमचे घर लोहाराचे. बुरहानपूर तहसिलीतल्या एका खेड्यात आजोबांपर्यंत भाता आणि ऐरण चालू होती. शहाऐंशी वर्षांची आमची थोरली आत्या मात्र एक गोष्ट नेहमी सांगते, "माझे पणजोबा बडवाहला गोऱ्या साहेबाच्या भट्टीवर होते. भट्टी बंद पडली, तेव्हा बिऱ्हाड घेऊन नर्मदा ओलांडून इकडे आले." त्यांचे नाव काय, हे तिलाही ठाऊक नव्हते. ते नाव तिच्या हयातीत शोधायचे, असे मी निवृत्तीनंतर ठरवले.

साहेबाची भट्टी ही काही दंतकथा नव्हे. निमाडचे इंग्रज अधिकारी कीटिंग यांच्या पुढाकाराने नर्मदेच्या उत्तर तीरावर बडवाह येथे सरकारी लोखंड कारखाना उभा राहिला. तो बांधायला थेट स्वीडनहून नील्स मितांदर नावाचा लोखंड-तज्ज्ञ आणला. साल १८६०. योगायोग असा, की त्याच साली बुरहानपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले. जंगलातल्या लाकडाचा कोळसा जाळून स्वीडिश पद्धतीने लोखंड गाळायचे, असा बेत होता. परंतु नियमित उत्पादन कधी सुरूच झाले नाही. १८६४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. कारखान्याचे अवशेष राहिले, आणि लोहार पांगले.

साहेबाचा माग काढणे सोपे आहे. यान आफ गेइर्स्टाम या स्वीडिश अभ्यासकांनी २००४ मध्ये या कारखान्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पत्रे, आराखडे, अहवाल सारे त्यांना मिळाले. शिवाय स्वीडनमध्ये धर्मगुरू घरोघरी जाऊन प्रत्येक माणसाचे नाव, जन्म, स्थलांतर वहीत लिहीत. अशा वह्यांतून तिथली माणसे आपली सात-आठ पिढ्यांची वंशावळ घरबसल्या मांडतात.

आणि आपल्याकडे? मध्य प्रांतात १८६६ मध्येच शिरगणती झाली. पुढे १८७२, १८८१ अशी ती होत राहिली. मला वाटले, त्यात घरे आणि नावे असतीलच. परंतु छापील अहवालात तालुक्याचे आकडे, जातींचे आकडे, धंद्यांचे आकडे एवढेच. घरोघरी भरलेले मूळ तक्ते बेरजा झाल्यावर जपले जात नसत. आणि आजच्या जनगणनेचे तक्ते १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहेत. लोहार किती ते कळते, आपला लोहार कोणता ते कळत नाही. जनगणनेत माणूस मोजला जातो, त्याची ओळख राहत नाही.

मग उरली जमीन. बुरहानपूर जिल्हा झाला २००३ मध्ये. त्याआधी आपण खंडव्याचेच, म्हणून जुन्या बंदोबस्ताच्या मिसली पाहायला खंडव्याला चकरा मारल्या. जमिनीच्या कागदात नाव राहते, पण ते जमीन असलेल्याचे. लोहाराचे पोट चाले ते नांगरामागे मिळणाऱ्या धान्यावर. पहिल्या दोन फेऱ्यांत पाटील, मालगुजार, कास्तकार सगळे भेटले, आमचे कोणी भेटले नाही. तिसऱ्या खेपेस १८९० च्या दशकातल्या मिसलीत, शेवटच्या पानांत, आबादीलगतच्या एका लहानशा तुकड्यापुढे पणजोबांचे नाव दिसले. त्यापुढे 'वल्द' आणि आणखी एक नाव. मग 'कौम लुहार'.

'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. त्या एका शब्दाने दोन पिढ्या एका ओळीत आणून बसवल्या! बडवाहचा किंवा भट्टीचा तिथे उल्लेख नाही, असण्याचे कारणही नाही. पटवाऱ्याला शेत कोणाचे एवढेच लिहायचे होते.

आत्याला फोनवर ते नाव वाचून दाखवले. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, हे तर माझ्या धाकट्या काकांचे नाव!" आजोबा गेले की त्यांचे नाव नातवाला ठेवायचे, ही आपली जुनी रीत. म्हणजे ते नाव आमच्या घरातच हाका मारून वापरले जात होते. फक्त ते कोणाचे, हे विसरलो होतो.

वाचकहो, असा शोध घ्यायचा असेल तर एकाच कागदावर विसंबू नका. आमच्याकडे खसरा, बी-वन, नामांतरण आणि जुनी मिसल, तर सीमेपलीकडे रावेर, मुक्ताईनगरला सातबारा आणि फेरफार. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा. कोतवालाची जन्म-मृत्यूची नोंदवही पाहा. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच वह्यांवरची धूळ झटकली गेली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जरूर पाहाव्यात. तिथे सातबारा लागत नाही, यात्रेला गेलेला कोणताही पूर्वज पुरतो.

मात्र त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि त्यांचे बोलणे लिहून ठेवा. मिसलीने आम्हाला नाव दिले, पण ते नाव भट्टीवर घाम गाळणाऱ्या माणसाचे आहे, हे आत्याशिवाय कोण सांगणार होते? मिसल खंडव्याच्या कपाटात आणखी शंभर वर्षे राहील. आत्या तेवढी थांबणार नाही.