पाचोळ्याची बेगमी

घरी खत करायचं ठरलं की लोक आधी ड्रम आणतात, मग विरजण शोधतात. मला विचाराल तर आधी रिकामी पोती जमवावीत. ओला कचरा कुठल्याही स्वयंपाकघरात हवा तेवढा निघतो. कमी पडतो तो पाचोळा, आणि तोही ऐन पावसाळ्यात.

म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड होवोत न होवोत, पाचोळ्याची बेगमी होतेच. पुण्यात फेब्रुवारीपासून पानगळ जोरात असते. रेन ट्रीची पानं बारीक, ती झटपट कुजतात. आंब्याचं पान चिवट, महिनोन्‌महिने हलत नाही. देशी बदामाची पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून बसतात आणि हवा अडवतात, म्हणून ती चुरडूनच भरायची. पूर्वी गल्लीतल्या ढिगांना कुणीतरी काडी लावायचं आणि सकाळभर खोकत बसायचं. आता झाडणाऱ्या मावशी खालूनच हाक मारतात, "ताई, पोतं टाका!" पानांत गुटख्याच्या पुड्या इतक्या असतात, की भरण्यापेक्षा निवडण्यातच जास्त वेळ जातो.

गच्चीतल्या ड्रमला चहूबाजूंनी भोकं आहेत, तळाशी नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजची देठं, सालं, चहाचा चोथा आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट पाचोळा. विरजण म्हणून जुन्या खताची ओंजळ किंवा आंबट ताक पुरतं. बाजारातल्या महागड्या पुड्यांवाचून माझं काही अडलेलं नाही. पाचोळा मात्र हवाच. भाजीपाल्यात नत्र जास्त आणि पाचोळ्यात कर्ब. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या 25 ते 30 पट कर्ब लागतो. तो मिळाला नाही की ड्रममध्ये चिखल होतो, चिलटं घोंघावतात आणि शेजारी जिन्यात भेटले की नाक मुरडतात.

जुलैत याची परीक्षा होते. हवा दमट, सालींना पाणी सुटलेलं, त्यात आंब्याच्या कोयी. मातकट रंगाच्या जाड अळ्या वळवळू लागतात. त्या काळ्या सैनिकी माशीच्या. चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. पाहुण्यांना मात्र त्या दाखवू नयेत. वास आलाच तर काठीनं तळापर्यंत ढवळायचं आणि उन्हाळ्यातलं एक पोतं सोडायचं.

काडीकचरा आणि शेण यांचे थर देऊन, ढीग उलटापालटा करत खत करण्याची पद्धत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला बसवली. मूळ युक्ती शेतकऱ्यांच्या परिचयाचीच. त्यांनी तिला शिस्त लावली. तसा मोठा ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो आणि त्यात बहुतेक बिया मरतात. आमचा ड्रम जेमतेम कोमट होतो.

त्यामुळे चाळून घेतलेलं खत काळंभोर, पावसाच्या मातीसारखं वासाला असलं, तरी त्यात टोमॅटो-भोपळ्याच्या बिया जिवंत असतात. चाळणीवर राहिलेले तुकडे मी पुढच्या ड्रममध्ये टाकते आणि खालचं खत मातीत मिसळते. मग गुलाबाच्या कुंडीत टोमॅटो उगवतो. घरातले म्हणतात, उपटून टाक. मी त्याला काठीचा आधार देते. गुलाबाला कीड तरी लागते, याला तीही लागलेली नाही.