बामणघळ आणि न खपलेले पुस्तक

२००८ सालच्या नाताळच्या सुटीत आम्ही उभयता वसईहून हेदवीला गेलो, तेव्हा सामानातील एक पिशवी जरा अधिकच जड होती. तीत मी लिहिलेल्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती होत्या. "अहो, आपण समुद्र पाहायला निघालो आहोत की फेरी करायला?" असे सौभाग्यवतीने विचारले खरे; पण चिपळूणला गाडीतून उतरताना ती पिशवी तिनेच उचलली. त्या पुस्तकाच्या छपाईसाठी तिने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या ओझ्यावर तिचा हक्क माझ्यापेक्षा अधिक होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर, २००४ साली, मी ते पुस्तक स्वखर्चाने काढले. जीवनात यशस्वी कसे व्हावे, हा त्याचा विषय. त्या काळी रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांची दुकाने यशाचा मार्ग दाखविणाऱ्या अनुवादित पुस्तकांनी भरलेली असत. ती खपतात, मग आपले का खपू नये, असा माझा सरळ हिशेब होता. पाचशे प्रती छापल्या. चार वर्षांत सत्तर गेल्या, आणि त्यांतील बहुतेक मी भेट म्हणून दिलेल्या. उरलेले गठ्ठे पलंगाखाली होते. पावसाळा सरला की सौभाग्यवती पापडांबरोबर त्यांनाही ऊन दाखवी.

हेदवी हे गुहागर तालुक्यातील गाव दशभुज गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही ज्या घरी उतरलो, तेथील काकू पाहुण्यांना दोन वेळचे जेवण करून वाढीत. त्यांच्या स्वयंपाकघरातील फडताळात एक पुस्तक मला दिसले. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते. पाठ जाड दोऱ्याने शिवलेली होती, आणि पानोपानी हळदीची बोटे उमटली होती. ते कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' होते.

"लग्नात आत्याबाईंनी दिले हो," काकू म्हणाल्या. "आता पाठ झाले आहे सगळे, पण जवळ असले की बरे वाटते."

१९७० साली प्रथम निघालेल्या त्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी प्रथमच विचार करू लागलो, की असे का व्हावे? कमलाबाई काही नामवंत लेखिका नव्हत्या. त्यांचे शालेय शिक्षणही अगदी थोडे. पण सासूबाई किंवा आई जवळ नसताना परगावी संसार मांडणाऱ्या मुलींची एक पिढी त्याच सुमारास उभी राहत होती. त्या मुलींना तराजू लावून स्वयंपाक करता येणार नव्हता. कमलाबाईंनी त्यांना वाटी आणि चमच्याचे माप दिले. ज्या घरात वाटी आहे, त्या घरात ते पुस्तक चालू शकत होते. घरातील वडीलधाऱ्या बाईने हातात हात धरून शिकवावे, तसे ते बोलत होते.

दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ पाहून काकूंनी आम्हांला बामणघळीकडे पाठविले. सोबतीला त्यांचा अकरा वर्षांचा नातू दिला. मुलगा मोठा गुणी, परंतु वाटभर एक शब्द बोलला नाही. विचारले त्याला मानेनेच उत्तर देई. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकाला एक अरुंद, खोल भेग पडली आहे. भरतीची लाट तीत शिरली, की कोंडलेले पाणी गर्जना करीत उंच उसळते. त्याच लाटा शेजारच्या सपाट कातळावर येत होत्या आणि फेस सांडून परत जात होत्या. जेथे घळ होती, तेथेच पाणी आकाशाकडे झेपावत होते.

तेथे उभा असताना माझ्या मनातील कोडे काहीसे सुटले. पुस्तक ही लाट असते. ती किती उंच उसळेल, हे लोकांच्या जीवनात आधीच पडलेली घळ ठरविते. प्रकाशकाचे ढोल घळ पाडू शकत नाहीत.

मग मला एकेक पुस्तक आठवू लागले. वसईकर वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले, तेव्हा कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित होते. दूर अमेरिकेत गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय मुलगा शिकतो, शास्त्रज्ञ होतो आणि कपाशीने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग पिकवून गरीब शेतकऱ्यांना उभे करतो. दर पहाटे उठून तो आपल्या निर्माणकर्त्याशी बोलतो. ही कथा मराठी घराघरांत का शिरली? कारण शिक्षणासाठी पायपीट करणारा मुलगा येथल्या प्रत्येक गावात होता, आणि भुईमूग तर आपल्याच शेतातला. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना दिले, आईबापांनी मुलांना दिले, आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. १९९३ साली 'ग्रंथाली'ने काढलेल्या डॉ. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकाचेही तसेच. नामवंत अर्थतज्ज्ञाने आपल्या कष्टकरी वडिलांना बोलते केले, आणि ज्यांच्या वडिलांना कधी कोणी बोलते केले नव्हते, अशा असंख्य मुलांनी ते पुस्तक आपलेसे केले.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही वेगळी नाही. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध केली. धर्मांतराने दुभंगलेल्या संसाराचे दुःख त्यांनी स्वतःवर हसत सांगितले. वाचकाला त्यात उपदेश आढळला नाही. खरे बोलणारी एक बाई भेटली. म्हणूनच ते पुस्तक आजही वाचले जाते.

मी ज्यांचे अनुकरण करू पाहत होतो, त्या पाश्चात्त्य यशोग्रंथांचा पाया मात्र मी पाहिलाच नव्हता. डेल कार्नेगी यांचे मित्र जोडण्याची कला सांगणारे पुस्तक १९३६ साली आले. पण १९१२ पासून ते न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.मध्ये रात्रीचे वर्ग घेत होते. लोकांना नेमकी कशाची भीती वाटते, हे त्यांनी चोवीस वर्षे ऐकले आणि मग लिहिले. मी लोकांचे काही ऐकलेच नव्हते. लेखक म्हणवून घेण्याची माझी स्वतःची हौस, एवढीच माझ्या पुस्तकामागची गरज होती.

खप म्हणजे गुणवत्ता, असे मात्र कोणी समजू नये. भीती, लोभ आणि झटपट श्रीमंतीची हाव याही घळीच आहेत, आणि त्यांत शिरणारी लाटही उंच उडते. पुढे १९८४ साली न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राला आपल्या सर्वाधिक खपाच्या यादीतून सल्ला देणारी पुस्तके वेगळी काढावी लागली, कारण ती इतर ललितेतर ग्रंथांना जागाच उरू देत नव्हती. भरती ओसरल्यावरही जे पुस्तक घरात राहते, हळदीच्या बोटांनी उघडले जाते, ते खरे खपले.

परत येताना मी हे सारे सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या पुस्तकात खरे असे काहीच नाही? मग ते तोतरेपणाचे प्रकरण कोणी लिहिले?"

मी गप्प झालो. पुस्तकातील ते अकरा पानांचे प्रकरण मी जवळजवळ वगळले होते. लहानपणी मी फार अडखळत बोलत असे. वर्गात मुले हसत. परंतु संध्याकाळी घरात सर्वांबरोबर रोझरी म्हणताना माझी जीभ कधी अडखळत नसे. हे आईच्या ध्यानात आले. मग ती रोज माझ्याबरोबर एकसुरात धडा वाची, आणि हळूहळू आपला आवाज बारीक करीत जाई. मला बोलायला वेळ लागला, तरी माझे वाक्य तिने कधी पुरे केले नाही. दोष अगदी गेला असे नाही. पण त्याच जिभेवर मी बत्तीस वर्षे मुलांना शिकविले. हे लिहिताना मला लाज वाटली होती.

त्या संध्याकाळी काकूंच्या देवघरात आरती झाली. दिवसभर मुका राहिलेला तो मुलगा सर्वांबरोबर खणखणीत आवाजात, एकही अक्षर न अडता म्हणत होता. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. मग तिने पिशवीतील एक प्रत काढली, त्या प्रकरणात खूण घातली आणि काकूंच्या हातात दिली. उरलेल्या चोवीस प्रती आम्ही घरी परत आणल्या.

२००९ च्या जूनमध्ये काकूंचे पत्र आले. मुलगा आजीबरोबर रोज वाचतो, अडखळतो, पण आता वर्गात हात वर करतो, असे त्यांनी लिहिले होते. शेवटी मजकूर होता : "गुरुजी, राग मानू नये. शाळेतल्या बाईंनी ती अकरा पाने झेरॉक्स करून आणखी दोन घरी दिली आहेत. बाकीच्या पुस्तकाची गरज पडली नाही."

सौभाग्यवती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी प्रथम खट्टू झालो. मग मला फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण झाली. त्या महान ग्रंथाशी माझ्या लेखणीचा काही संबंध सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण पुस्तक कसे जगते, हे त्याच्याइतके दुसरे कोणी सांगत नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, ओव्यांची गोडी सुटली नव्हती. ती उणीव ओळखून फादरांनी मराठीत रचना केली. १६१६, १६४९ आणि १६५४ साली ते पुराण छापले गेले. त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ उरला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला.

२०१० साली मी त्या अकरा पानांची एक लहानशी पुस्तिका काढली. किंमत पाच रुपये. दोनशे प्रती वर्षभरात संपल्या. पुन्हा काढाव्या लागल्या. कोणी मागायला आले, की सौभाग्यवतीच आतून आणून देते. गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत, आणि पाटल्या काही परत झालेल्या नाहीत. तिने त्यांचा विषय मात्र पुन्हा कधी काढला नाही.