त्या सोलोला दोन माणसं लागत

गिरगावातल्या आमच्या चाळीत नव्वदच्या दशकात गिटार शिकलेल्या सगळ्या भावंडांचं एक गाणं सामाईक आहे: ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. थोरला दादा ते आधी शिकला, त्याच्याकडून मावसबहीण, ताई, शिकली आणि तिच्याकडून आम्ही धाकटे. त्यातले कॉर्ड कुणालाही एकट्याने बसवता यायचे. पण गाणारा थांबल्यावर शेवटची दोन मिनिटं ज्या गिटारी वाजतात, त्या एकट्याच्या हाती लागत नसत. तिथे समोर दुसरं माणूस लागायचं. त्या दुसऱ्या माणसामुळेच आम्हाला गिटार बोलती करता आली, असं मला आजही ठामपणे वाटतं.

गाणं तेव्हाही जुनंच होतं. त्याच नावाचा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला, तेव्हा आमच्यातल्या धाकट्यांचा जन्मही झाला नव्हता. चाल डॉन फेल्डर यांची. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या भाड्याच्या घरात त्यांनी ती रचली. आधी ती ई मायनरमध्ये होती. डॉन हेन्ली यांच्या गळ्याला ती पट्टी चढी पडत होती, म्हणून गाणं बी मायनरमध्ये आलं. शेवटचा सोलो फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांनी वाटून घेतलेला आहे. दादाने काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून कॅसेट आणली आणि त्या दिवसापासून आमच्या टू-इन-वनला दुसरं काम उरलं नाही. सोलो जिथे सुरू होतो तिथला काउंटरचा आकडा कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला होता. घरात कुणीही टेप लावली की आधी रिवाइंड करून त्या आकड्यावर यायचं, हा नियमच होता.

गिटार एकच, कोलकात्याची गिव्हसन. दुसरी हवी तेव्हा शेजारच्या इमारतीतून मागून आणायची. दोन्ही अकूस्टिक, तारा बोटांत रुतणाऱ्या. तिसरी तार गुंडाळलेली आणि जाड, ती ओढता ओढत नसे. दादाने धोबीतलावच्या फुर्टाडोजमधून एक साधी, न गुंडाळलेली तार आणून तिच्या जागी लावली. या बदलामुळे बेंड करणं शक्य झालं.

बेंड म्हणजे दाबलेली तार पडद्यावरच आडवी ढकलून सूर चढवायचा. दादाची शिकवण अशी: तार अनामिकेने दाबायची, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकवायची, अंगठा गिटारच्या मानेवरून घ्यायचा आणि मनगट फिरवायचं. जोर बोटांनी लावला तर बोटं थकतात, मनगटाने लावला तर तार आपण होऊन सरकते. तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्याला ई हा सूर आहे. तो चढवत चढवत एफ शार्पपर्यंत न्यायचा. कुठे थांबायचं हे पडदा सांगत नाही, ते कानाने ठरवावं लागतं. आणि तार ओढण्यात गुंतलेल्या माणसाला स्वतःचा कान पुरत नाही.

इथे काका आले. काका पेटी वाजवत. बी म्हणजे पांढरी सात, तिला षड्ज धरला की ई झाला मध्यम आणि एफ शार्प झाला पंचम. काका पेटीवर काळी तीन दाबून धरत आणि आम्ही मध्यमावरून तार ओढत त्या पंचमापर्यंत जायचो. दोन सूर जवळ आले की मधे एक थरथर ऐकू येते. जसजसं अंतर कमी होतं तशी ती मंदावते आणि सूर जुळला की पूर्ण थांबते. काका डोळे मिटून ऐकत आणि नुसता हात वर किंवा खाली करत. काका घरी नसले की हेच काम दुसऱ्या गिटारवर भावंड करायचं. सूर कुठवर पोहोचला हे सांगणारं समोर कुणीतरी असलं, की हात लवकर शहाणा होतो.

काकांनी आयुष्यभर भावगीतं आणि नाट्यगीतं वाजवली होती, पण या गाण्याकडे ते कुतूहलाने बघत. त्यातले आठ कॉर्ड त्यांनी पेटीवर उतरवले आणि खूश होऊन आम्हाला दाखवलं की इथे दोन्ही निषाद आहेत आणि दोन्ही धैवत आहेत. एफ शार्पच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद लागतो, लगेच पुढच्या ए कॉर्डमध्ये कोमल. ई मेजरमध्ये शुद्ध धैवत, त्याच्या पुढच्या जीमध्ये कोमल. सोलो वाजवताना खालचा कॉर्ड बदलला की वरचा सूर बदलावा लागतो, आणि गाण्यातली हुरहुर या अदलाबदलीत आहे, हे आम्हाला काकांच्या पेटीवर कळलं. सतारीवर तार ओढून मींड घेतात तशी ही ओढ आहे, हेही त्यांनीच ऐकवलं. तार ओढताना घाई करायची नाही, मधली वाट ऐकू आली पाहिजे, एवढीच त्यांची अट असे.

मग आला व्हायब्रेटो. चढवलेला सूर जागच्या जागी किंचित हलवत ठेवायचा. आंदोलन किती रुंद, किती वेगात, हे ज्याचं त्याचं. दादाचं संथ आणि रुंद, ताईचं बारीक आणि जलद. आई स्वयंपाकघरातून ऐकून सांगायची की आता गिटार कुणाच्या हातात आहे. पुढे तार आधीच ओढून मग छेडायची आणि सूर हळूहळू खाली सोडायचा, हे शिकलो. यात छेडण्याआधी कानाला काहीच आधार नसतो, किती ओढायचं ते हाताला पाठ असावं लागतं. बोट न उचलता एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकणं, न छेडता बोट आपटून वरचा सूर काढणं, बोट ओढून घेत खालचा काढणं, हे सगळं याच दोन मिनिटांत मिळालं. पुस्तकात ही तंत्रं वेगवेगळ्या धड्यांत असतात. इथे ती एका वाक्यात एकमेकांना धरून येतात, म्हणून ती का वापरायची हेही त्याबरोबर कळतं.

वाटणी ठरलेली होती. दादा फेल्डर, ताई वॉल्श. रेकॉर्डवर फेल्डर यांच्या हातात लेस पॉल आहे आणि वॉल्श यांच्या हातात टेलिकास्टर, त्यामुळे दोघांचे आवाजही निराळे आहेत. एकाने वाक्य संपवलं की दुसऱ्याने उचलायचं. ताई म्हणायची, वाजवणं सोपं आहे, थांबणं शिकावं लागतं. दादाचा शेवटचा सूर विरेपर्यंत ती हात उचलत नसे. सरतेशेवटी दोन्ही गिटारी एकत्र येतात आणि प्रत्येक कॉर्डचे सूर सुटे करत, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, एका चालीने उतरत जातात. तिथे एकानेही घाई केली की दोघांचं विस्कटतं. आम्ही धाकटे जमिनीवर बसून मांडीवर ताल धरायचो. ज्या दिवशी ते आठही कॉर्ड दोघांनी न थांबता पार केले, त्या दिवशी गॅलरीतले शेजारीही दारात येऊन उभे राहिले होते.

फेल्डर यांनी मुलाखतींत सांगितलेली एक हकिगत आम्हाला पुष्कळ उशिरा कळली. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत सोलो ध्वनिमुद्रित करताना ते आणि वॉल्श नव्याने काही सुचतंय का बघत होते. हेन्लींनी थांबवलं. त्यांना घरी केलेल्या कच्च्या कॅसेटवर होतं तसंच हवं होतं. कॅसेट राहिली होती कॅलिफोर्नियात. फेल्डर यांनी घरी फोन केला, घर सांभाळणाऱ्या बाईंनी ती कॅसेट शोधून फोनजवळ वाजवली, आणि स्वतःच रचलेला सोलो त्यांनी कॅसेटवरून पुन्हा बसवला. हे वाचलं तेव्हा ताईने सगळ्यांना फोन केले. आम्ही ज्या वाटेने शिकलो, त्याच वाटेने तो सोलो त्याच्या कर्त्याकडेही परत आला होता.

१९९४ मध्ये ईगल्स पुन्हा एकत्र आले आणि केबलवर एमटीव्हीने त्यांचा कार्यक्रम दाखवला. त्यात हे गाणं अकूस्टिक गिटारींवर होतं, सोलोसकट. अख्खं घर टीव्हीसमोर बसलं होतं. इलेक्ट्रिक गिटार नाही म्हणून आपलं वाजवणं अपुरं, ही दादाच्या मनातली बोच त्या रात्री गेली.

जानेवारी २०१६ मध्ये ईगल्सचे ग्लेन फ्राय गेले तेव्हा आम्ही पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी असे पांगलो होतो. काकाही तोवर गेले होते. तरी त्या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या घरी गिटार काढली, आणि फोनवर बोलणं झालं ते फ्राय यांच्याइतकंच काकांच्या पेटीबद्दल.

आता पुतणी हेच गाणं शिकते आहे. तिच्याकडे सोलो हवा तेवढा संथ करणारं ॲप आहे, प्रत्येक सुराचा पडदा स्क्रीनवर दिसतो. या सोयी फार मोलाच्या आहेत, आम्हाला मिळाल्या असत्या तर आम्हीही आनंदाने घेतल्या असत्या. पण तिचा बेंड पंचमाच्या थोडा अलीकडे थांबत होता आणि हेडफोनमध्ये ते तिला ऐकू येत नव्हतं. ताईने तिला हेडफोन काढायला लावले, समोर बसून एफ शार्प धरला आणि थरथर थांबेपर्यंत तो सोडला नाही. गिटार शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: कॉर्ड मुलांना एकट्याने शिकू द्या, पण बेंड शिकवताना त्यांच्यासमोर कुणालातरी बसवा. या दिवाळीला सगळे गिरगावात जमणार आहेत. पुतणी वॉल्श यांचा भाग वाजवणार आहे, आणि दादाने फेल्डर यांचा पुन्हा बसवायला घेतला आहे.